काबरीसाठी बाभूळ

धवळी मेल्याचं सुंदराला गोठ्यात शिरल्याशिरल्या कळलं, कारण बाकीच्या तिघी तिच्यापासून लांब, पत्र्याला अंग घासून उभ्या होत्या. शेळ्यांचं असंच असतं. आदल्या संध्याकाळी जिच्या पाठीवर मान टाकून झोपायचं, ती गार पडली की तिची ओळखसुद्धा दाखवायची नाही. धवळीच्या हनुवटीखाली पाण्याची थैली लोंबत होती. सुंदराने ती दाबली. बोट रुतलं, आणि काढल्यावर खळगा तसाच राहिला. या पावसाळ्यात मेलेल्या आधीच्या दोघींचंही हेच झालं होतं. आधी खाणं कमी, मग चाल मंद, मग हनुवटीखाली ही थैली, आणि एके सकाळी खेळ खलास.

सहापैकी तीन उरल्या. लाली, बांडी आणि त्या दोघींची आई काबरी. काबरी गाभण होती, आणि तिच्याही जबड्याखाली आता काहीतरी भरायला लागलं होतं.

सुंदरा शिंदखेड्याकडची. नवऱ्यामागोमाग सुरतेला आली तेव्हा चेतन कडेवर होता. सुपडू पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर लागला आणि शेवटपर्यंत टाकीवरच राहिला. घरी येताना त्याच्या हाताची नखं कधी निळी, कधी गुलाबी. तो छातीच्या दुखण्याने गेला. मग मिलच्या मागे, नहेरच्या म्हणजे कालव्याच्या कडेला बांधलेल्या खोल्यांच्या ओळीत सुंदरा एकटी राहिली. एकटी म्हणजे शेळ्यांसकट. चेतन इच्छापोरला कारखान्यात कंत्राटावर लागलेला, तिथेच दुसऱ्या मजल्यावर त्याचं घर. सून सोनाली वाईट नाही. पण त्या घरात सुंदराची जागा कुठली, तर गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली टाकलेला पलंग. तिने तो पाहिला होता. त्यावर दोन रात्री काढल्याही होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून बस गाठली. नहेरवर ती कुणाची सासू नव्हती, कुणाची म्हातारी नव्हती. शेळीवाली सुंदरामाय होती. दूध तिच्याकडचं, बाळंतिणीच्या घरी बोलावणं तिला, बोकड ठरवायचा तर तिच्या दारात. शेळ्या गेल्या की हे सगळं गेलं. मग गॅलरी.

त्या रविवारी चेतन आला तो धवळीला पुरायलाच आल्यासारखा झाला. खड्डा खणला, घाम पुसला, आणि कुदळ टेकवून म्हणाला, "माय, आते कितली मरानी वाट देखशी?"

"मनी मी देखसू."

"काय देखशी? तिघी गयात. छगनशेठ म्हणस, जित्या शेतस तवलोंग भाव शे. मेल्यावर कातडं बी कोनी लेस नही."

हा छगन म्हणजे टेंपो घेऊन बारडोलीपर्यंत शेळ्यामेंढ्या गोळा करणारा माणूस. आजारी शेळीचा वास त्याला लांबून यायचा. गेले दोन आठवडे तो उगाच नहेरवरून चकरा मारत होता.

"छगनशेठ!" सुंदरा म्हणाली. "तुना मामा शे का तो?"

"माय, मस्करी नको. आखो एक मरनी ते बाकीन्या इकी टाकू. मंग तू मनासंगे. बोल."

त्याला भांडण उरकायचं होतं आणि तिला त्याला घालवायचं होतं. म्हणून ती बोलून गेली, "कबूल. तुना बापनी आन. आते हात धू आणि जाय."

आणखी एक मेली की उरलेल्या विकून चेतनकडे राहायला जायचं, अशी ती आण होती. सुपडूची आण तिने आजवर कधी खोटी घेतली नव्हती. घेतलीच फार कमी वेळा.

आता हे सगळं कशाने झालं, ते सांगायला हवं.

शिंदखेड्याकडच्या माणसाला हिरव्याची हाव असते. तिथे पाऊस रुसला की शेळ्यांपुढे टाकायला बाभळीच्या शेंगा, कडुनिंबाचा पाला, बोरीचे काटे. सुंदराचा सासरा आकडी घेऊन सडकेच्या बाभळी ओरबाडायचा, आणि ज्यांच्या घरी कडबा असे ते ओट्यावर बसून हसायचे. "काटा चारस वं, काटा!" ते हसणं सुंदराच्या मनात रुतून बसलं होतं. सुरतेला नहेरच्या पाझराने बाराही महिने ओली राहणारी जमीन पाहिली तेव्हा तिने मनात म्हटलं होतं, आता माझ्या जनावराला काट्याला तोंड लावावं लागणार नाही.

गोठ्यामागे चार देशी बाभळी होत्या. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून त्यांचा पाला ओरबाडायच्या, आणि तिला लाज वाटायची. शिवाय आचळांना काटे लागायचे. गेल्या उन्हाळ्यात तिने चेतनला भरीला घालून चारही बाभळी तोडून टाकल्या. पहिला पाऊस होऊन गेल्यावर तिथे असं गवत माजलं की बघत राहावं. मऊ, दाट, घोट्याएवढं. दव पडलेलं, ओलंचिंब. शेळ्या पहाटेपासून खाली मान घालून चरू लागल्या. सुंदरा कमरेवर हात ठेवून बघायची आणि शेजारच्या मंगलाबाईला सांगायची, "बघा, आमच्याकडे असं स्वप्नातसुद्धा नव्हतं."

पहिली शेळी आजारी पडली तशी तिने दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आणली. बाटली पुरली पाहिजे म्हणून प्रत्येकीला थोडं थोडं. पुन्हा महिन्याने थोडं थोडं. आणि जी शेळी जास्त आजारी, तिला बाकीच्यांच्या धक्काबुक्कीत मिळत नसेल म्हणून सगळ्यात कोवळं, सगळ्यात ओलं गवत ती स्वतः कापून तिच्या पुढ्यात आणून टाकायची. मायेपोटी करायची. दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ती काबरीला घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यात निघाली. काबरी चालायला तयार नव्हती. अर्ध्या वाटेत बसली. सुंदराने तिला खांद्यावर घेतलं, गाभण शेळी, खांदा भरून आला, पण थांबली नाही.

दवाखान्यात फाल्गुनीबेन म्हणून तरुण डॉक्टर होती. गुजराती, पण मराठी बोलणारी, कामाला चटपटीत. तिने काबरीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि सुंदराला म्हणाली, "मासी, इथे बघा. काय रंग?"

"पांढरा," सुंदरा म्हणाली.

"तुमची पापणी ओढा आरशात. लाल दिसेल. हिची पण लाल पाहिजे. हिचं रक्त कुणी पितंय."

तिने लेंड्या घेतल्या, आत जाऊन काचेखाली पाहिल्या आणि तोंड पाडून आली. जंतांची अंडी इतकी होती की मोजण्यात अर्थ नव्हता. मग एकेक गोष्ट विचारत गेली, आणि सुंदरा खरी खरी उत्तरं देत गेली. बाटली कुठली, किती दिली, कितीदा दिली, चारता कुठे, कधी सोडता.

"अर्धं अर्धं औषध पाजून तुम्ही त्या जंतांना पक्कं केलंत," फाल्गुनीबेन म्हणाली. "आता ते औषध त्यांना काही करत नाही. मी दुसरं देते, वजन करून देते. पण मासी, ते पोटातले काढेल. तुम्ही रोज पहाटे नवीन चारता, त्याचं काय?"

"मी गवत चारते, बेन. किडे नाही चारत."

"तेच सांगते. लेंड्या गवतात पडतात. अंड्यातून पिल्लं निघतात आणि ओल्या पात्यावर चढतात. जमिनीपासून वीतभर, जास्त नाही. शेळी म्हणजे गाय नव्हे, ती मान वर करून खाणारी जात. झाडाचा पाला खाल्ला तर पोटात काही जात नाही. तुम्ही तिला मान खाली घालायला लावलंत."

सुंदराने काबरीची मान वर उचलून धरली.

"देशी बावळ आहे का जवळपास? तिचा तुरट पाला जंतांना मानवत नाही. अंडी कमी टाकतात. थोडा कडुनिंब, थोडी बोर. उंच बांधून द्या. औषधाच्या जागी नाही हं, औषधाबरोबर. आणि नुसती बावळ नका देऊ, पोट बांधून घेते. सुका चारा पण द्या. ओल्या गवतावर एक पाऊल नको."

"बाभूळ?" सुंदराच्या तोंडून एवढंच निघालं.

"नाही का तुमच्याकडे?"

होत्या. चार होत्या. ते तिने सांगितलं नाही. "शोधते," म्हणाली.

"हिचं काही सांगता येत नाही," काबरीकडे बघत फाल्गुनीबेन म्हणाली. "खूप उशीर झालाय. त्यात गाभण. बाकीच्या दोघींना उद्या घेऊन या."

आणि मग सुरू झाली काट्याची शोधाशोध. बारडोलीच्या रस्त्याला लागा की दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. उसापलीकडे भात, भातापलीकडे मिलच्या भिंती, भिंतीपलीकडे नव्या इमारती आणि त्यांची कापून सारखी केलेली हिरवळ. डोळे निवावेत असं हिरवं, आणि त्यात सुंदराच्या कामाचं काही नाही. वेडी बाभूळ होती, पण तिच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. एका मिलच्या मागे एक देशी बाभूळ दिसली. आकडी लावली तर वॉचमन काठी घेऊन धावला.

"ए माजी! शुं करो छो?"

"पाला घेते, भाई. जनावर मरतंय."

"साहेब बघतील तर माझी नोकरी मरेल. निघा."

संध्याकाळी ती परतली ती पाल्याचे चार ढाळे, म्हणजे चार फांद्या, आणि सोललेली पोटरी घेऊन. काबरीने ढाळा हुंगला आणि मान फिरवली. लाली-बांडी मात्र तुटून पडल्या. गोठ्यामागचं ओलं गवत समोर होतं, त्यांच्या नाकाला वास येत होता, आणि त्या दोराला हिसके देत ओरडत होत्या. दुसऱ्या दिवशी फाल्गुनीबेनकडचं औषध त्यांच्याही पोटात गेलं. पाला मात्र संपला होता.

"सुंदराबाई, काय करायलीस तू?" मंगलाबाईने दारातून विचारलं. ती नांदेडकडची, मनाने मऊ आणि तोंडाने तिखट. "दारात कुरण हाय आणि शेळ्या बांधून ठेवल्यास! डोकं फिरलं की काय तुझं?"

"कुरणानेच मारल्या, बाई."

"आगं, गवतानं कुणी मरतंय का? नजर लागलीय कुणाची. लिंबू टाक उतरून."

"लिंबू तू टाक. मला बाभूळ कुठे आहे ते सांग."

मंगलाबाई जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खाडीच्या मसणवट्यात हायत की. चांगल्या दाट. पण तिथलं कुणी आणत नाही. पाला नाही, काटकी नाही. तिथली वस्तू घरात आणली की माणूस नेते म्हणतात."

सुंदराला ते ठाऊक होतं. शिंदखेड्यालाही हेच म्हणतात. स्मशानातल्या झाडाला कोयता लावायचा नाही. म्हणूनच तिथली झाडं उभी राहतात. सुपडूला त्याच घाटावर नेलं होतं. त्यानंतर ती तिकडे फिरकली नव्हती.

दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ती आकडी आणि दोर घेऊन गेली. घाटावर कुणी नव्हतं. खाडीच्या कडेला बाभळींची रांग होती, गच्च, पिवळ्या फुलांनी भरलेली. तिने पदर कमरेला खोवला आणि सुपडूला जिथे ठेवलं होतं त्या चौथऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमना डोकावरना पाला लेस. राग येऊ देऊ नका. तुमनी आन घेतेल शे, ती तुम्हीच पाळा आते."

 पहिल्या ढाळ्याला आकडी लावली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मग नाही मिटले. भारा बांधून डोक्यावर घेतला तेव्हा काटे चुंबळीतून टाळूला टोचले, आणि तशीच ती सडकेने, बाजाराच्या मधून चालत आली. ओळखीची दोन माणसं वाटेत भेटली. भारा कुठला ते त्यांनी ओळखलं असावं. एकाने रस्ता बदलला.

त्यानंतर मंगलाबाईने तिच्याकडचं दूध बंद केलं. म्हणजे लालीचं होतं तेवढंच, चहापुरतं. पण बंद केलं. "वाईट वाटून घेऊ नको," म्हणाली. "घरात लेकरू हाय."

"नाही वाटून घेत," सुंदरा म्हणाली. वाटलं होतं.

रोज दुपारी भारा. ढाळे ती गोठ्याच्या आडव्या वाशाला उंच टांगायची. लाली आणि बांडी मागच्या पायांवर उभ्या राहायच्या, पुढचे पाय कुडाला टेकवून, आणि मान ताणून काट्यांमधून पानं अशी नाजूक काढायच्या की ओठाला ओरखडा नाही. सुंदरा सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पापण्या ओढायची. पांढऱ्या. पांढऱ्या. मग एक दिवस लालीची पापणी फिकी गुलाबी वाटली. तिने तिला उन्हात नेऊन पुन्हा पाहिली. ऊन फसवत असेल म्हणून सावलीत नेऊन पाहिली. बांडीचं अजून कळत नव्हतं.

काबरी उभी राहीना. सुंदरा तिच्याशेजारी पोत्यावर बसून एकेक पान खुडून तिच्या तोंडात धरायची. कधी घ्यायची, कधी तसंच ओठांवर लोंबत ठेवायची. हनुवटीखालची थैली सकाळी कमी आणि संध्याकाळी भरलेली. फाल्गुनीबेन एकदा स्कूटरवरून येऊन बघून गेली. सुई दिली, रक्त वाढायचं औषध दिलं, लाली-बांडीकडे पाहून खूष झाली, आणि काबरीबद्दल काही बोलली नाही. सुंदरानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"खाय वं माय," ती काबरीला म्हणायची. "तू गयी ते मी गयी. येडी, काटा नही, पाला शे. देख, मी काटा काढी टाका."

मधल्या रविवारी चेतन आला नाही. त्यापुढच्या शनिवारी दुपारी काबरीला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सुंदराने आजवर कितीतरी शेळ्या सोडवल्या होत्या, त्यामुळे पाहताक्षणी तिला समजलं की ताकदच नाही. काबरी दात खात होती आणि आवाज काढत नव्हती. शेवटी सुंदराने तेलाचा हात घालून करडू ओढून काढलं. मेलेलं होतं. केससुद्धा नीट आले नव्हते. काबरीने मान वळवली, ते हुंगलं, एकदा चाटलं. मग मान पोत्यावर ठेवली. सुंदरा तिचं पोट चोळत राहिली, गुळाचं पाणी पाजत राहिली, पाणी ओठांच्या कडेने बाहेर येत राहिलं. मंगलाबाई दारापर्यंत आली आणि आत न येता तिथेच उभी राहिली. "आगं, सोड आता," म्हणाली. सुंदराने सोडलं नाही. तिन्हीसांजेला सोडलं, तेव्हा सोडायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रात्री एकदा तिच्या मनात आलं, काबरीला आत्ताच पुरून टाकावं. चेतनला सांगावं, विकली. कुदळ हातात घेतलीसुद्धा. मग ठेवून दिली. खोटं बोलायला वेगळी माणसं लागतात.

चेतन आला तो एकटा नाही, छगनच्या टेंपोतून आला. शेजारच्यांपैकी कुणीतरी फोन केला असणार. काबरीवर पोतं झाकलेलं होतं. चेतनने पोतं उचललं, पाहिलं, परत ठेवलं. ओरडला नाही. आवाज मऊ करून म्हणाला, "माय, चाल. पिशवी भर."

छगन तोवर लाली-बांडीच्या पाठी चाचपत होता. "हाडकंच आहेत," म्हणाला. "पण घेऊन जातो. आपल्या माणसाचं काम आहे."

"हात काढ," सुंदरा म्हणाली.

"माय," चेतन म्हणाला, "बोलनी व्हतीस तू. मना बापनी आन घेतेल शे."

"घेतेल शे." ती लालीजवळ गेली, तिचं डोकं काखेत धरलं आणि पापणी ओढली. "देख."

"काय देखू?"

"रंग देख. काबरीना पांढरा व्हता. इना देख."

चेतनने नाइलाजाने वाकून पाहिलं. गुलाबी होती. त्याला तिचा अर्थ माहीत नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की आपल्या आईची टाळू काट्यांनी फुटली आहे, हातांवर ओरखडे आहेत, आणि ती एका हाडकुळ्या शेळीचा डोळा ओढून उभी आहे.

"माय, तू मसणमाईन पाला आणस अशी लोके सांगतस. सोनाली रडी ऱ्हायनी घरमा."

"आणस. उद्या बी आणसू."

"आनचं काय मंग?"

सुंदराने लालीचं डोकं सोडलं.  शब्द मोडायचा कसा, हे तिला येत नव्हतं. त्यामुळे ती ते फार साध्या शब्दांत बोलली.

"आन मोडस मी. तुना बाप वर इचारी ते मी सांगसू. तू जाय. सांग सोनालीले, माय खोटी निघनी."

छगन हसला. "चेतनभाई, तुमचं घरचं मिटवा, मग बोलवा." त्याने टेंपो चालू केला. त्याला घाई नव्हती. पावसाळा अजून बराच बाकी होता आणि शेळ्या दोनच होत्या.

चेतन गेला नाही. रागाने लाल झाला होता. त्याने कुदळ घेतली आणि खड्डा खणायला लागला. नेहमीच्या जागी, गोठ्यामागे, गवतात.

"आठे नको," सुंदरा म्हणाली. "तठे, भिंतनाजवळ. कोरडं शे."

त्याने कुदळ उचलली आणि भिंतीजवळ नेली. जमीन कडक होती, वेळ लागला. काबरी आणि करडू दोघांना एकाच खड्ड्यात ठेवलं, मीठ टाकलं, माती लोटली. मग त्याने नळावर हात धुतले आणि चहा न घेता चालत सडकेकडे गेला. वळून पाहिलं नाही. तिने हाक मारली नाही. पुढच्या रविवारी तो येईल की नाही, तिला माहीत नव्हतं.

दुपार झाली होती. वाशावरचे ढाळे दोघींनी खाऊन नुसत्या काड्या ठेवल्या होत्या. बांडी दोर ताणून ओल्या गवताकडे मान करत होती. सुंदराने तिचा दोर एक वेढा आखूड केला, पापणी ओढून पाहिली. अजून फिकीच होती. गुलाबी म्हणावी की नाही, ठरवता येईना. तिने आकडी उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि मंगलाबाईच्या बंद दारावरून खाडीच्या रस्त्याला लागली.